बोकड पडला कुठे? उभ्या डोंगरातल्या एका शिकारीचं प्रकरण

ही शिकार परवाना काढून, हंगामात केलेली होती. शिकार करावी की करू नये, हा वाद मोठा आहे आणि इथे तो घालायचा नाही. प्रकरणातल्या दोघांनी मला सगळं आपणहून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि लिहायला परवानगी दिली. माणसांची, डोंगराची आणि देशाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. वेळा मात्र त्यांच्या हातातल्या जीपीएस घड्याळातल्या नोंदींवरून घेतल्या आहेत, त्यामुळे "साधारण चारच्या सुमारास" असं फारसं कुठे म्हणावं लागलेलं नाही. मी डोंगरातल्या बचावकामाचे वर्ग घेतो. हे प्रकरण तिथे मांडलं की वाद ठरलेला, आणि तो दर वेळी वेगळ्याच जागी सुरू होतो.

माणसं आणि डोंगर

थोरला ५१ वर्षांचा. विशीपासून डोंगरी बोकडांच्या मागे फिरणारा. धाकटा ३३ वर्षांचा, त्याच्या बायकोचा भाऊ. नेमबाजीत धाकटा सरस होता. चांदमारीच्या मैदानावर तासन्‌तास घालवणारा. डोंगरातला हा त्याचा तिसराच हंगाम. बरोबर एक मित्र होता, पण गुडघा सुजल्यामुळे त्या दिवशी तो तळावर थांबला.

तळ १,४०० मीटरवर ओढ्याकाठी होता आणि वरची धार २,१५० मीटरवर. उंची वाढते तशी हवा दर हजार मीटरमागे सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे धारेवर तळापेक्षा पाचेक अंश कमी, वर वारा. धारेच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे डोंगर. उन्हाची बाजू गवताळ, मधून मधून कातळाचे बुटके टप्पे, उतार उभा पण माणसाला सोसणारा. सावलीची बाजू तुटकी: अरुंद नाळा, म्हणजे उभ्या घळी, त्यांच्यामध्ये गवताच्या चिंचोळ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या तळाशी कडा. नाळांमध्ये चार दिवसांपूर्वी पडलेला बर्फ होता.

गवताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण वर्गात येणारे लोक कातळाला घाबरतात आणि गवतावर निर्धास्त होतात. उभ्या उतारावरचं लांब गवत खालच्या दिशेने झोपलेलं असतं, कौलांसारखं. कोरडं असताना बूट कसाबसा धरतो. ओलं झालं की त्याची घसरगुंडी होते, आणि दुपारनंतर सावली पडून त्या ओलीवर दहिवर गोठलं की काचच. कातळावर पाय सुटला तर निदान कळतं तरी. गवतावर माणूस आधी बसतो, मग घसरतो, आणि घसरायला लागल्यावर थांबवायला हाताला काही येत नाही.

सकाळी ठरलेलं असं: उन्हाच्या बाजूने चढायचं, त्याच बाजूला शोधायचं, पाचच्या आत धार सोडायची, सातपर्यंत तळावर यायचं. मित्राला सांगितलं ते एवढंच, "उन्हाच्या बाजूला असू." सूर्यास्त ५:४० ला होता.

बार निघेपर्यंत

उन्हाच्या बाजूला दिवसभर काही दिसलं नाही. २:४० ला दोघं धारेवर पोचले. परत फिरायला अजून दोन तास होते, पाय ताजे होते, आणि धारेवर आल्यावर पलीकडे डोकावणार नाही असा शिकारी मी पाहिलेला नाही. ३:१० ला धाकट्याला दुर्बिणीत बोकड दिसला. सावलीच्या बाजूला, खाली, गवताच्या एका पट्टीवर, एकटा आणि चांगला मोठा.

पुढची पंधरा मिनिटं दबा धरण्यात आणि रायफलीला टेकू शोधण्यात गेली. धाकट्याच्या अंतरमापकाने ३१० मीटर दाखवले. खाली बघण्याचा कोन ३८ अंशांच्या आसपास होता.

इथे एक बारकी गोष्ट घडली आणि पुढचं सगळं तिच्यातून आलं. खाली किंवा वर तिरका नेम धरताना गोळीची घसरण तिरक्या अंतरावर ठरत नाही, आडव्या अंतरावर ठरते. ३८ अंशांत ३१० मीटरचं आडवं अंतर २४५ मीटरच्याही आत येतं. मैदानावरच्या सवयीप्रमाणे धाकट्याने ३१० मीटरचा हिशेब करून नेम उचलला. नेहमीच्या डोंगरी रायफलीत या दोन अंतरांमधल्या घसरणीचा फरक वीतभर भरतो. गोळी वीतभर वर लागली, बोकडाच्या पाठीच्या वरच्या कडेला. छातीत लागली असती तर तो जागीच कोसळला असता, निदान तशी शक्यता मोठी होती.

थोरल्याला हे गणित माहीत होतं. त्याने सांगितलं का नाही? त्याचं उत्तर: "नेमबाजीतलं त्याला मी काय सांगणार!" आणि जागा निवडण्याबद्दल धाकट्याचं उत्तर: "भाऊजी शेजारी होते. चुकीची जागा असती तर थांबवलं असतं ना त्यांनी." हिमप्रपातांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयान मॅकॅमन यांनी अनुभवी माणसांना गाठणारे मनाचे काही सापळे मांडले आहेत, जाणकाराभोवतीचं वलय हा त्यातला एक. इथे गंमत अशी की दोघं एकमेकांचे जाणकार होते. बंदुकीचं त्याने बघायचं, डोंगराचं याने, आणि बार निघाला तो नेमका दोघांच्या मधल्या फटीतून.

३:२५ ला बार निघाला.

पेच

बोकड बसला, उठला आणि खाली निघाला. हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. शॅमॉय असो, आयबेक्स असो की ताहर, धोका वाटला की ही डोंगरी बोकडांसारखी जनावरं कड्याकडे पळतात. लांडगा असो की बिबट्या, त्यांचा शत्रू जिथे येऊ शकत नाही ती त्यांची सुरक्षित जागा. खुराची कड टणक आणि आतली गादी मऊ, त्यामुळे दोन बोटांच्या कंगोऱ्यावरही ते उभे राहतात. जखमी जनावराला चढणं जड जातं, म्हणून ते खाली आणि कड्यात शिरतं. म्हणजे बार जितका वाईट, तितकं जनावर अधिक वाईट जागी जाणार. हे समीकरण शिकाऱ्याच्या बाजूचं कधीच नसतं.

बोकड पट्टीवरून साठेक मीटर उतरला, कातळाच्या एका टप्प्यावरून खाली उडी टाकली आणि दिसेनासा झाला. दोन-तीन मिनिटांनी टप्प्याखालच्या फळीच्या, म्हणजे कातळातल्या अरुंद सपाटीच्या, कडेला त्याचं एक शिंग आणि मान दिसली. पडलेला होता. मेला की जिवंत ते कळत नव्हतं. धारेपासून ती जागा २५० मीटर खाली.

वाटसरू आणि शिकारी यांच्यातला फरक मला इथे स्पष्ट दिसतो. वाटसरूची वाट माणसांनी शोधलेली असते; ती वाईट असली तरी कुणीतरी तिच्यावरून गेलेलं असतं. शिकाऱ्याची शेवटची वाट जनावर ठरवतं, आणि तेही माणसाला येता येणार नाही अशी जागा मुद्दाम निवडून. इन्सब्रुकजवळच्या मार्टिन्सवांड या कड्याची एक दंतकथा १४८४ सालची म्हणून सांगतात. पुढे सम्राट झालेला मॅक्सिमिलियन शॅमॉयच्या मागे त्या कड्यात शिरला आणि अशा जागी अडकला की चढता येईना, उतरता येईना. कथेत त्याला सोडवायला देवदूत येतो. कथा खोटी असेल; अडकण्याचा प्रकार मात्र अगदी खरा आहे.

समोर असलेले पर्याय

दोघांचं बोलणं, त्यांच्याच अंदाजाने, दोन मिनिटांच्या आत संपलं. नंतर शांतपणे बसून मोजले तेव्हा पर्याय असे निघाले.

धारेवरूनच वाट बघायची, बोकड हलला तर दुसरा बार टाकायचा. नुसती मान दिसत होती, तीही अर्धी. धाकट्याचे हात पहिल्या बारानंतर थरथरत होते. हा पर्याय त्यांनी बोलून दाखवला आणि सोडला.

परत जायचं, आणि सकाळी मित्राला घेऊन, तळावर ठेवलेला चढाईचा दोर घेऊन, खालच्या अंगाने फळीपर्यंत जाता येतं का ते बघायचं. मांस वाया जाण्याचा धोका थंडीमुळे कमी होता. पण बोकड जिवंत असेल तर रात्रभर तडफडणार.

एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने धारेवरून दुर्बिणीने वाट दाखवायची. वरच्याला पूर्ण उतार दिसतो, खालच्याला पायापुरता. हा पर्याय कुणाच्या डोक्यातच आला नाही. मला विचाराल तर त्या क्षणी असलेल्यांतला तो सगळ्यात कमी वाईट होता, कारण वर राहणाऱ्याजवळ सामान राहिलं असतं.

आणि चौथा, जो निवडला गेला: दोघांनी लगेच उतरायचं.

थोरला म्हणाला, "जखमी जनावर टाकून जायचं नाही." या वाक्यापुढे चर्चा थांबली. ते वाक्य वाईट नाही. चांगल्या शिकाऱ्याला पहिल्यांदा हेच शिकवतात, आणि बऱ्याच ठिकाणी मारलेलं जनावर शोधून आणणं कायद्यानेही बंधनकारक असतं. हाव, फुशारकी, भिंतीवर लावायचं शिंग अशा कारणांनी माणूस कड्यात शिरला तर त्याला निदान आतून टोचणी लागते. इथे टोचणी उलट दिशेची होती. न उतरणं हाच अधर्म वाटत होता, त्यामुळे उतरणं धोक्याचं आहे का हा प्रश्न विचारायला जागाच उरली नाही.

उतरताना

पाठपिशव्या धारेवर ठेवल्या. "वीस मिनिटांत जाऊन येऊ, ओझं कशाला." पिशव्यांमध्ये उबदार जाकिटं, डोक्याला बांधायचे दिवे, फॉइलची झोपपिशवी, खाऊ, पाणी आणि थोरल्याच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात बीकन, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र. बरोबर घेतलं ते दोन रायफली, सुरे, शिट्टी, आणि ओझं बांधायला आणलेली ६ मिलिमीटर जाडीची २० मीटर दोरी.

निघायच्या आधी एक गोष्ट चोख झाली. थोरल्याने रायफल रिकामी करायला लावली, चेंबर, म्हणजे गोळी बसते तो कप्पा, उघडून दाखवायला लावलं, मग स्वतःचंही दाखवलं.

३:४५ ला उतरायला लागले. वरून उतार एकसारखा दिसत होता. तो तसा नव्हता. असा उतार पोटासारखा फुगलेला असतो. वरून फुगवट्यापर्यंतच दिसतं, आणि फुगवट्याच्या पलीकडे तो जास्त उभा होत जातो. पहिली शंभर मीटर चालत, पुढची ऐंशी बाजूने तिरकं, आणि शेवटची सत्तर तोंड डोंगराकडे करून, गवताच्या मुठी धरून. प्रत्येक टप्प्यावर पुढचा टप्पा थोडाच वाईट होता. माणूस असा थोडा थोडा उतरत जातो आणि मग मागे वळून पाहिलं की ज्या जागी एकदम कधीच आला नसता तिथे तो उभा असतो. छातीवर लोंबणारी दुर्बीण पाय कुठे पडतो ते झाकत होती. उन्हाच्या बाजूला अजून लख्ख ऊन असेल. इथे गवतावर दहिवर धरू लागलं होतं. धाकट्याला दृष्टिभय, म्हणजे खोल खाली बघताना वाटणारी भीती, जाणवायला लागलं होतं. तो बोलला नाही.

४:३५ ला ते कातळटप्प्याच्या माथ्यावर होते. खाली ११ मीटरवर फळी, फळीवर बोकड. मेलेला.

इथे थांबू. बोकड मेला होता. "जखमी जनावर टाकून जायचं नाही" या कारणासाठी ते आले, ते कारण त्या क्षणी संपलं. उरलं ते मांस आणि शिंगं. परत चढायला दिवसाचा तासभर उजेड होता. पण कारण संपलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इतके खाली आलोच आहोत हे नवं कारण तोवर तयार झालं होतं. वर्गात मी इथे सगळ्यांना वही बंद करायला लावतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतंत? परत फिरलो असतो असं जवळजवळ सगळे म्हणतात. मी मान डोलावतो. गरम खोलीत बसून ते खरंही असतं.

धाकटा उतरणार असं ठरलं. तो हलका आणि तरुण. ६ मिलिमीटरची दोरी एका सुळक्याभोवती गुंडाळली आणि तिला धरून तो उतरू लागला. नवी असताना अशी दोरी सातशे किलोच्या आसपास ताण सोसते, त्यामुळे ती तुटेल ही भीती दुय्यम. ती हातात धरता येत नाही, ही खरी अडचण. बोटभर जाडीचा दोर मुठीत बसतो. ही थंडीने आखडलेल्या पंजातून सुतळीसारखी सरकते, आणि कातळाच्या धारदार कडेवर घासली तर चिरते. शिवाय त्याने ती अंगाला बांधली नव्हती.

रायफल त्याच्या पाठीवर पट्ट्याने होती, नळी खांद्याच्या वर हातभर आलेली. तीनेक मीटर उतरल्यावर कातळ थोडा पुढे आलेला होता. पाय शोधायला तो आत झुकला, नळीचं टोक वरच्या कातळाला टेकलं आणि त्याला मागे ढकललं गेलं. दोरी हातातून सरकली. ४:५० ला तो आठ मीटर खाली फळीवर पडला. रायफल पट्ट्यातून निसटून खालच्या नाळेत गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला, असं थोरला सांगतो.

रात्र

उजव्या पायाची नडगी मोडली होती, हाड बाहेर आलेलं नव्हतं. तळवे सोललेले, हनुवटी फुटलेली. शुद्धीवर होता. फळी दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतरती.

थोरल्याने खाली उतरायचा प्रयत्न केला नाही, आणि इथून पुढे त्याने जे केलं त्यातलं बरंचसं मी आदराने शिकवतो. त्याने वरून सूचना दिल्या: कोपरांवर सरकत आतल्या भिंतीला लाग, हात पोचेल ते सुकं गवत उपट आणि बुडाखाली घाल. जखमी माणसाची ऊब वाऱ्याइतकीच खालच्या दगडात जाते, पांघरुणाआधी बैठक. मग विचार केला. फोनला संपर्क नव्हता. मित्र दुसऱ्याच बाजूला वाट बघणार होता. बीकन, दिवे, जाकिटं सगळं २५० मीटर वर. इथे बसून राहिलं तर दोघंही अंधारात, पातळ कपड्यांत, कुणाला पत्ता नाही.

५:०५ ला तो चढायला लागला, ६:०० ला धारेवर. ६:०४ ला बीकन चालू केलं. हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्‌झवर कॉस्पास-सारसॅट या उपग्रहजाळ्याला हाक देतं. या जाळ्याने पहिल्यांदा माणसं वाचवली ती सप्टेंबर १९८२ मध्ये, कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातली. बीकनला उघडं आकाश लागतं. खालच्या नाळेत आकाशाची पट्टीच होती, म्हणून धारेवर येणं त्याही अर्थाने बरोबर ठरलं. पण मग बीकन दाखवणार धारेची जागा. जखमी माणूस तिथे नव्हता. थोरल्याने परवान्याच्या कागदामागे लिहिलं: "एक जण पाय मोडून २५० मी. खाली, कातळटप्प्याखालच्या फळीवर. खाली बघताना डावीकडची नाळ. शुद्धीवर. दुसरा त्याच्या वर आहे." डावं-उजवं कुठल्या तोंडाने ते लिहायचं भान त्याला त्या अवस्थेत होतं. बीकन दगडांच्या बेचक्यात उभं केलं, आपली रिकामी केलेली पिशवी शेजारी पसरली, कागद तिच्यात दाबून ठेवला.

आणि दोघांचं उबदार सामान धाकट्याच्या पिशवीत भरून तो पुन्हा खाली निघाला. अंधारात, दिव्याच्या उजेडात, दहिवर धरलेल्या गवतावरून. आपल्याच मघाच्या पावलांच्या खोबणी शोधत, प्रत्येक पावलाआधी सुऱ्याची मूठ जमिनीत रोवत. तासाभराची वाट उतरायला पावणेदोन तास लागले. ८ च्या सुमारास तो टप्प्याच्या माथ्यावर बसला आणि पिशवी खाली सोडली. ती ६ मिलिमीटरची दोरी ज्या कामासाठी आणली होती त्या कामाला तेव्हा आली.

धाकट्याने जाकीट चढवलं, फॉइलच्या पिशवीत शिरला, रिकामी पाठपिशवी बुडाखाली घेतली. थोरला वर बसून शिट्टी वाजवत राहिला: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. डोंगरातली ही संकटाची खूण १८९४ साली क्लिंटन डेंट यांनी सुचवली. उत्तर मिनिटात तीन वेळा द्यायचं असतं. उत्तर आलं नाही. मधल्या वेळात तो धाकट्याला पाढे म्हणायला लावत होता. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीभ जड होते, हिशेब चुकतात. ३२ च्या आसपास कुडकुडणंच थांबतं आणि अनुभव नसलेल्याला वाटतं, बरं वाटतंय याला. अकराच्या सुमारास सतराचा पाढा मध्येच तुटला आणि धाकटा भलतंच बोलू लागला. थोरल्याने त्याला खाऊ संपवायला लावला, हात काखेत घालायला लावले, आणि शिव्या दिल्या. शिव्यांचा उपयोग झाला, असं दोघंही म्हणतात.

बचाव पथकातले चौघं १:३० ला धारेवर पोचले. कागद सापडला, खाली दिवा दिसला, सहा-सहा शिट्ट्या ऐकू आल्या. तरीही ते लगेच उतरले नाहीत. गोठलेलं गवत, अनोळखी उतार, आणि खालचे दोघं बोलताहेत याची खात्री. प्रमुखाने उजाडण्याची वाट पाहिली. थोरल्याला त्या चार तासांचा राग अजून आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो.

निष्पत्ती

५:३० ला दोर लावून दोघं जण फळीवर उतरले. ७:५० ला ढग वर सरकल्यावर हेलिकॉप्टरने धाकट्याला दोराने उचलून घेतलं. नडगीत सळई बसली, आठ महिने काठी. थोरल्याच्या पायाची दोन बोटं बरेच दिवस बधिर होती, परत आली. बोकड फळीवरच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात नाळेच्या तळाशी रायफल सापडली, नळी वाकलेली, चेंबर रिकामं. भरलेली रायफल तितकी आपटत गेली असती तर काय झालं असतं, यावर वर्गात कधी वाद होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सामानाचं उत्तर सोपं आहे, म्हणून लवकर संपवतो. बीकन, दिवा आणि एक उबदार कपडा हे पिशवीत नसतात, अंगावर असतात. पिशवी ठेवली जाते, अंग ठेवता येत नाही. बाजू बदलली की तळावर कळवायचं. कळवता येत नसेल तर बाजू बदलायची नाही. कड्यात शिरताना रायफल पाठीवर आडवी, घट्ट, नळी डोक्याच्या खाली, किंवा वरच ठेवलेली. ओझ्याच्या दोरीवर माणूस उतरवायचा नाही.

पण हे सगळं ३:२५ च्या नंतरचं आहे. माझ्या मते अपघात तिथेच ठरला. चाप ओढण्याआधी एक प्रश्न असतो: हा पडला, किंवा न पडता चालू लागला, तर कुठे जाईल, आणि तिथे मला जाता येईल का? पट्टीच्या तळाशी कडा आहे हे दोघांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं. मी थोरल्याला विचारलं, हा प्रश्न तुला माहीत नव्हता? तो म्हणाला, तीस वर्षं दर बाराआधी विचारतो, मनात. त्या दिवशी बार त्याचा नव्हता, म्हणून मनातही आला नाही. आणि धाकट्याला असा काही प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हतं, कारण भाऊजींना तो मोठ्याने विचारताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. अनुभवी माणसाची बरीचशी सावधगिरी अशी मुकी असते. शेजारचा ती बघून शिकू शकत नाही; त्याला फक्त इतकंच दिसतं की हा माणूस भराभर बार टाकतो आणि सुखरूप घरी येतो.

दुसरी जागा ४:३५ ची, मेलेल्या बोकडाच्या वरची. तिथे सुचावं म्हणून काय करता येईल, याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. उतरण्याआधी कारण मोठ्याने बोलायचं, आणि ते कारण संपलं की फिरायचं, असं मी सांगतो. धाकटा म्हणतो, कारण बोललोच होतो की आम्ही. त्यावर माझ्याकडे बोलायला काही नसतं.

तिसरी जागा रात्रीच्या उतरण्याची. सामान पोचलं नसतं तर धाकटा सकाळपर्यंत टिकला असता का? मला शंका आहे. थोरला घसरला असता तर? बीकन चालू होतं, कागद होता. पथक आलंच असतं, फक्त मोजायला दोन माणसं झाली असती. वर्ग इथे निम्मा निम्मा फुटतो. एकदा दोघांनाच वर्गात बोलावलं होतं. कुणीतरी थोरल्याला विचारलं, पुन्हा उतराल का? तो उत्तर देण्याआधी धाकटा म्हणाला, "भाऊजी, दिवा दिसला तेव्हापासून मी ओरडत होतो, वरच थांबा म्हणून."

"ऐकू येत होतं," थोरला म्हणाला.